गारव्यासाठी एसीच कशाला?



‘पत्र्याच्या वर्गांना एसीशिवाय तरणोपाय नाही’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. मुलांविषयीची तळमळ रास्त. उपाय पटला नाही. वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी बुर्किना फासोतील आपल्या जन्मगावी गावकऱ्यांना हाताशी धरून २००१ मध्ये प्राथमिक शाळा उभारली. भिंती मातीच्या विटांच्या. पत्रा तिथेही आहे, पण विटांच्या सच्छिद्र छतापासून बराच उंच उचललेला. खिडक्यांतून वारा आत येतो, तापलेली हवा छतातून वर निघून जाते. या गारव्याला वीज लागत नाही. आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात वीज जाते, तेव्हा एसी काय कामाचा? जिल्हा परिषदांनी नव्या वर्गखोल्यांचा आराखडा मंजूर करताना आधी छप्पर आणि वाऱ्याची वाट तपासावी.

— एक निवृत्त शिक्षिका, लातूर