अंगठा सुजला की आधी मेडिकल, मग पुडीवाला

रात्री दोनला पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकायला लागतो, अंगावरची चादरसुद्धा सोसत नाही. आपल्या हातकणंगल्यात माणूस सकाळी उठून कुठं जातो? मेडिकलवर. "वातावरची एक स्ट्रिप द्या." त्यानं भागलं नाही की कुणीतरी पुडीवाल्याचा पत्ता देतं. आठ-दहा दिवसांत गडी चालायला लागतो आणि गावभर सांगत सुटतो, लई गुण आला.

खरी गोम इथंच आहे. १०० मिलिलिटर रक्तात युरिक ॲसिड साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहिलं की सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक जमू शकतात. अंगठा त्यातल्या त्यात थंड, म्हणून बहुतेकदा आधी तोच. हे स्फटिक कित्येक वर्षं गप्प पडून राहतात. एक दिवस सांध्यातल्या मॅक्रोफेज पेशी त्यांना गिळतात, पण पचवता येत नाहीत. मग पेशीत धोक्याची घंटा वाजते. ती कशी वाजते, हे २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या युर्ग चॉप यांच्या गटानं दाखवलं. त्या यंत्रणेतून इंटरल्युकिन-१ बीटा सुटतं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी झुंडीनं सांध्याकडं धावतात. सूज, लाली, कणकण, सगळा उद्योग आपल्याच पेशींचा.

आणि विझवतातही त्याच. मरणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या डीएनएची जाळी होते, त्यात स्फटिक अडकतात, सूज पेटवणारी द्रव्यं तिथंच तुटतात. एक-दोन आठवड्यांत झटका आपोआप ओसरतो. श्रेय मात्र पुडीला! अशा पुड्यांत चोरून स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात अनेकदा उघड झालेत. अन्न व औषध प्रशासनानं बाजारातल्या पुड्या कधी तपासायच्या?

दुखणं गेलं तरी स्फटिक जागेवरच असतात. वर मनानं घेतलेल्या पेनकिलरनं किडनीवर ताण येतो, आणि युरिक ॲसिड बाहेर टाकायचं मुख्य काम किडनीचंच. म्हणजे गोळी खाऊन आपण पुढच्या झटक्याची सोय करतो. (झटक्यावर डॉक्टर देतात ते कोल्चिसिन आपल्या कळलावीतही असतं. म्हणून कुणी कंद उगाळून खाऊ नका, जीव जाईल.)

सगळा दोष तांबड्या रश्श्यावर ढकलणंही बरोबर नाही. बिअर आहे, आनुवंशिकता आहे, आणि ऊसपट्ट्यात बोलायची चोरी, पण कोल्ड्रिंकमधली साखरही आहे.

नेत्यांच्या वाढदिवसाला बीपी-शुगरची शिबिरं होतात, फ्लेक्स लागतात. माझं म्हणणं, वर्षानुवर्षं पेनकिलर खाणाऱ्यांची क्रिएटिनिन तपासणी त्यात घ्या, आणि ज्यांचा सांधा असा सुजतो त्यांची युरिक ॲसिडची. ऐन झटक्यात ते नॉर्मल दिसू शकतं, तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल सुरू केलं तर पहिल्या काही महिन्यांत झटका येऊ शकतो, कारण जुने स्फटिक सुटायला लागतात. बरेच जण नेमकी तिथंच गोळी बंद करतात आणि परत पुडीवाल्याच्या दारात उभे राहतात.