कॅसिनोवरचा कर आणि मांडवीतली मुदतवाढ

सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यात कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्प या कंपनीला जीएसटीची ११,१३९ कोटी रुपयांची नोटीस आली. कंपनीचे तेव्हाचे सगळे बाजारमूल्यही या रकमेच्या निम्म्याहून कमी होते. मागणी जुलै २०१७ ते मार्च २०२२ या काळाची, म्हणजे थेट मागे जाऊन. हजार रुपयांची चिप (पैशांऐवजी खेळात लावायची चकती) जिंकत-हरत दहा वेळा टेबलावर फिरली, तर एकूण पण, म्हणजे लावलेली पैज, दहा हजारांचा होतो. कॅसिनोच्या हाती मात्र त्यातला थोडाच भाग उरतो. कर या एकूण पणावर की उरलेल्या कमाईवर, हाच वाद. जीएसटी परिषदेने १ ऑक्टोबर २०२३ पासून खरेदी केलेल्या चिप्सवर २८ टक्के कर ठरवला, २०२५ मध्ये तो ४० टक्क्यांवर गेला. पुढचा कर कितीही कडक असो, त्याला आमची हरकत नाही. मागच्या व्यवहारांना नवा अर्थ लावून वसुली करणे मात्र अन्यायच आहे.

म्हणून कॅसिनोवाल्यांचे सगळेच रास्त ठरत नाही. मांडवी नदीतली कॅसिनोची जहाजे हलवण्याचे आश्वासन गोव्यातली सरकारे वर्षानुवर्षे देतात आणि ती तिथेच ठेवण्याच्या मुदतवाढीवर सही करतात. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी आहे. जे घरच्यांसाठी घातक, ते पाहुण्यांसाठी करमणूक कसे? महाराष्ट्राने १९७६ चा, कधीच अमलात न आलेला कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द केला, ते योग्यच झाले. गोवा सरकारनेही पुढची मुदतवाढ देण्याआधी जहाजे हलवण्याची तारीख विधानसभेत जाहीर करावी.