पायउतार नव्हे, चढण

लहान मुलांसाठीं लिहिणारा लेखक हा मोठ्यांसाठीं लिहितां न आल्यामुळें तिकडे वळलेला असतो, अशी एक समजूत सुशिक्षितांत खोल रुजलेली आहे. सभ्यपणामुळें ती कोणी उघड बोलून दाखवीत नाहीं. परंतु आपल्या वागण्यांतून ती पदोपदीं प्रकट होते. वाङ्मयेतिहासांत कादंबरीकाराला स्वतंत्र प्रकरण मिळतें, कवीला मिळतें. बालवाङ्मयकाराची बोळवण मात्र अखेरच्या परिच्छेदांत होते. त्यांतही ज्याच्या पुस्तकांत थोड्या ओळी आणि पानोपानीं चित्रें, त्याला लेखक तरी म्हणावें कीं नाहीं, अशी शंका! ही समजूत नुसती अन्यायाची नाहीं, ती असत्य आहे. आणि तें दाखविण्यासाठीं मी मार्टिन वॉडेल या आयरिश लेखकाची कारकीर्द पुराव्यादाखल वाचकांपुढें ठेवतों.

वॉडेल यांचा जन्म १९४१ च्या एप्रिलमध्यें बेलफास्ट येथें झाला. त्याच महिन्यांत जर्मन विमानांनीं त्या शहरावर भीषण बॉम्बवर्षाव केला. तरुणपणीं त्यांना फुटबॉलपटू व्हावयाचें होतें, व लंडनच्या फुलहॅम संघापर्यंत त्यांची मजलही गेली. तें साधलें नाहीं, तेव्हां त्यांनीं लेखणी हातीं धरली. 'ऑटली' ही त्यांची विनोदी हेरकथा १९६६ मध्यें प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर चित्रपटही निघाला. म्हणजे मोठ्यांच्या जगांत या गृहस्थांना कोणी विचारीत नव्हतें, असें मुळींच नाहीं. पुढें १९७२ मध्यें डोनाघडी येथील एका चर्चमध्यें झालेल्या बॉम्बस्फोटांत ते सांपडले व जबर जखमी झाले. त्यानंतर कित्येक वर्षें त्यांना लेखन करतां आलें नाहीं.

येथें आक्षेपकांना एक सोपें स्पष्टीकरण सुचतें: घायाळ झालेला हा मनुष्य जगाला भ्याला आणि अस्वलांच्या व घुबडांच्या गोड दुनियेंत त्यानें आसरा घेतला. हें ऐकावयास हृद्य आहे. परंतु सनावळी त्याच्या विरुद्ध साक्ष देते. 'इन अ ब्लू व्हेल्व्हेट ड्रेस' ही त्यांची मुलांसाठींची कादंबरी कॅथरीन सेफ्टन या टोपणनांवानें १९७२ मध्यें, म्हणजे स्फोटाच्याच सालीं, प्रसिद्ध झाली. मुलांकडे वळण्यासाठीं त्यांना स्फोटाची गरज नव्हती. पुढें त्याच नांवानें त्यांनीं उत्तर आयर्लंडच्या यादवीच्या छायेंत वाढणाऱ्या किशोरांवर तीन कादंबऱ्या लिहिल्या: 'स्टारी नाइट' (१९८६), 'फ्रँकीज स्टोरी' (१९८८) आणि 'द बीट ऑफ द ड्रम' (१९८९). आणि यांच्या ऐन मध्यावर, १९८८ मध्येंच, 'कान्ट यू स्लीप, लिट्ल बेअर?' हें त्यांचें चित्रपुस्तक निघालें. पळणारा मनुष्य ज्यापासून पळतो त्याच्यावर तीन कादंबऱ्या लिहीत बसत नाहीं.

आतां त्या चित्रपुस्तकाकडे वळूं. गुहेंत थोरलें अस्वल वाचीत बसलेलें आहे आणि धाकट्याला अंधाराच्या भयानें झोंप येत नाहीं. थोरलें एक चिमुकला कंदील आणतें, मग त्याहून मोठा, मग सर्वांत मोठा. तरी धाकट्याचें समाधान नाहीं, कारण गुहेबाहेर अंधार आहेच! या ठिकाणीं उपदेश करण्याचा मोह कोणाला आवरला असता? अंधाराला काय भ्यावयाचें, हें वाक्य आपण सर्वांनीं मुलांना ऐकविलेलें आहे, आणि त्यानें कोणाचें भय गेल्याचें ऐकिवांत नाहीं. वॉडेल यांचें थोरलें अस्वल बाहेर पाहतें, पिलाचें म्हणणें खरें आहे हें मान्य करतें, आणि त्याला घेऊन त्या अंधारांतच जातें. तेथें चंद्र असतो, तारे असतात. आणि ते दाखवीपर्यंत पिलूं कुशींत झोंपून गेलेलें असतें. भय नाकारलें नाहीं, सोबत दिली. एवढा विवेक मोठ्यांच्या किती कादंबऱ्यांत आढळतो?

दुसरा आक्षेप असा कीं, चित्रें तर बार्बरा फर्थ यांचीं, मग लेखकाचें श्रेय तें काय? नटानें रंगभूमि गाजविली म्हणून आपण नाटककाराला कमी लेखतों काय? काय सांगावयाचें आणि काय चित्रावर सोंपवावयाचें, हें ओळखणें हीच या कलेंतील कसोटी. पॅट्रिक बेन्सन यांनीं चितारलेलें 'आउल बेबीज' (१९९२) पाहा. रात्रीं आई दिसत नाहीं म्हणून घुबडाचीं तीन पिलें भेदरलेलीं आहेत. थोरलीं दोघें तर्क लढवितात. धाकटें मात्र एकच वाक्य पुनःपुन्हां म्हणतें. आई परत आल्यावर शेवटीं त्या वाक्यांतील एक क्रियापद तेवढें बदलतें, आणि सगळी कथा त्या एका शब्दांत येऊन सांठते. अशा लेखनांत एकही शब्द वायफळ खर्चतां येत नाहीं, कारण हीं पुस्तकें मोठ्यानें वाचावयाचीं असतात, आणि तींही रोज रात्रीं. शंभराव्या वाचनालाही टिकणारें गद्य लिहिणें हें खेळणें नव्हे.

राहिला तात्पर्याचा प्रश्न. 'फार्मर डक' (१९९१) मध्यें आळशी शेतकरी बिछान्यांत लोळत असतो आणि एकटें बदक शेताचें सर्व काम उपसतें. अखेर कोंबड्या, गाय व मेंढ्या मिळून मालकाला हांकलून लावतात. आपल्याकडील एखाद्या उपदेशप्रिय लेखकानें खालीं 'श्रमाचें महत्त्व' म्हणून चार ओळी जोडल्या असत्या. वॉडेल यांनीं जोडल्या नाहींत. अन्याय कशाला म्हणतात हें हेलन ऑक्झेनबरी यांनीं काढलेल्या त्या थकलेल्या बदकाकडे पाहून तीन वर्षांच्या मुलालाही समजतें. न समजेल ही धास्ती मोठ्यांची आहे.

२००४ मध्यें वॉडेल यांना हॅन्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक मिळालें, आणि तें एका पुस्तकासाठीं नव्हे, तर समग्र लेखनासाठीं. परंतु पारितोषिकावर माझा पक्ष अवलंबून नाहीं. मुलांसाठीं निघणारीं पुष्कळ पुस्तकें पोकळ व लाडीगोडीचीं असतात, हेंही मला कबूल आहे. पण मोठ्यांसाठीं निघणाऱ्या कादंबऱ्यांची गोष्ट निराळी आहे काय? सुमार कादंबऱ्या पुष्कळ आहेत म्हणून आपण कादंबरीची पायरी उतरवीत नाहीं. मग एकच माप दोघांना कां नको? हेरकथेपासून त्या अस्वलाच्या गुहेपर्यंत वॉडेल चढत गेले. तो पायउतार वाटत असेल, तर दोष पाहणाऱ्याच्या दृष्टीचा आहे. आणि त्या दृष्टीची किंमत आपलीं मुलें देतात, कारण ज्याला आपण हलकें मानतों तें त्यांच्यासाठीं निवडतांना आपण पारखीत नाहीं.