पहिला गिअर एकट्याने ठरत नाही



ताकद जास्त म्हणून पहिला गिअरही जास्त गुणोत्तराचा हवा, हे गेल्या अंकातील पत्राचे म्हणणे मला मुळातच चुकीचे वाटते. अमेरिकेत जुन्या मस्टँग-कमॅरोत सर्रास बसणारा ट्रेमेकचा टी-५६ मॅग्नम गिअरबॉक्स पाहा. त्याच्या एका संचात पहिला गिअर २.९७ आणि सहावा ०.५०, तर दुसऱ्यात २.६६ आणि ०.६३. मागच्या अॅक्सलचे गुणोत्तर ३.७३ धरले, तर पहिल्या गिअरमध्ये एकूण गुणाकार अनुक्रमे ११.१ आणि ९.९ होतो. पाचशे अश्वशक्तीच्या गाडीत रस्त्यावरचे टायर ९.९ वरच घसरू लागतात. वरचा जोर केवळ धूर होऊन जातो.

२.६६ च्या संचात पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना इंजिनाचे मिनिटाचे फेरे जास्त खाली येतात, हा आक्षेप खरा आहे: ६५०० वरून सुमारे ४३५०. पण मोठ्या इंजिनाला तिथे टॉर्क भरपूर असतो. उलट तिसऱ्यावरून चौथ्यावर हाच संच ५००० वर थांबतो, २.९७ चा संच ४४५० पर्यंत घसरतो. तरीही २.९७ च हवा असेल, तर अॅक्सल ३.३१ चा घ्यावा. गुणाकार पुन्हा ९.८ येतो. मात्र मग सहाव्यात, २६ इंची टायरवर, ताशी १०० किलोमीटरला इंजिन जेमतेम १३३० फेऱ्यांवर येते आणि तीव्र कॅमशाफ्टचे इंजिन तिथे गचके देते. म्हणून वाचकांनी अॅक्सल, टायर आणि कॅमशाफ्ट ठरवल्याशिवाय गिअरबॉक्सची मागणी नोंदवू नये.

आपला,
एक वाचक