निय्यतीला गुण किती?

इंडोनेशियाच्या शाळांतील एका विषयाचे अधिकृत नाव भारतीय भाषांच्या अभ्यासकाने एकदा लक्षपूर्वक वाचावे : 'पेंदिदिकान आगामा इस्लाम दान बुदी पकर्ती'. यातील 'आगामा' म्हणजे आपला आगम. तेथे त्याचा अर्थ धर्म. 'बुदी पकर्ती' म्हणजे बुद्धी आणि प्रकृती. जोडून घेतल्यास शील. इस्लामच्या शिक्षणाला संस्कृत शब्द चालतात, याचे कौतुक करून आपण सहसा थांबतो. प्रस्तुत लेखकाला त्या नावापेक्षा त्या विषयाच्या परीक्षेत अधिक रस आहे.

२०१३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने तेथे विद्यार्थ्याची पारख चार अंगांनी करावयाचे ठरविले : आध्यात्मिक वृत्ती, सामाजिक वृत्ती, ज्ञान आणि कौशल्य. यांपैकी कौशल्याविषयी वाद नाही. कुराणपठणात अमुक वर्ण कंठातून यावा, अमुक जिव्हाग्रातून, हे तजवीदचे शास्त्र सांगते. आपल्या शिक्षाग्रंथांतील स्थान-प्रयत्नविचार ज्याला ठाऊक आहे त्याला ते परके वाटणार नाही. गुरूने म्हणावे, शिष्याने तसेच म्हणून दाखवावे, चुकल्यास तेथेच थांबवावे; आपल्याकडे याला संथा देणे म्हणतात. येथे परीक्षा ही विद्येचाच भाग आहे.

अडचण सुरू होते ती वुजूपाशी. नमाजापूर्वीच्या या प्रक्षालनाची शाफिई परंपरेत सहा आवश्यक अंगे सांगितली आहेत. (इंडोनेशियात हीच परंपरा प्रचलित आहे, आणि आपल्या कोकणातील मुसलमानांचीही हीच.) चेहरा धुणे, कोपरांपर्यंत हात धुणे, मस्तकाच्या काही भागावरून ओला हात फिरविणे, घोट्यांपर्यंत पाय धुणे, आणि हे सर्व क्रमाने करणे, ही पाच अंगे शिक्षकाला दिसतात. सहावे, किंबहुना पहिले अंग म्हणजे निय्यत, आणि तिचे स्थान अंतःकरणात. मुले निय्यतीचे शब्द मोठ्याने म्हणतात म्हणून त्या रकान्यातही खूण करता येते. परंतु ती खूण उच्चाराची असते. बुखारींच्या हदीससंग्रहाचा प्रारंभच निय्यतीविषयीच्या वचनाने व्हावा, हे येथे आठवते.

वृत्तीच्या रकान्यात तर उच्चाराचाही आधार उरत नाही. निरीक्षण, सहाध्याय्यांचे मत, शिक्षकाची नोंदवही आणि विद्यार्थ्याने स्वतः भरावयाचा तक्ता अशी साधने त्यासाठी सुचविली गेली. 'मी वेळेवर नमाज पढतो' या विधानापुढे 'नेहमी', 'कधीकधी' किंवा 'कधीच नाही' यांपैकी कशावर खूण करावी, हे दहा वर्षांच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये रियेची, म्हणजे लोकांनी पाहावे म्हणून केलेल्या धर्माचरणाची, सविस्तर चिकित्सा केली आहे. ज्या दोषापासून मुलाला वाचवावयाचे त्याचाच सराव हा तक्ता त्याच्याकडून करवून घेतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर तेथील शिक्षकांचा आक्षेप उघड आहे : जे मोजले जात नाही ते शिकवलेही जात नाही. आक्षेपात तथ्य आहे. म्हणून नोंदवही राहू द्यावी. भांडण मिटविणारा, सापडलेली वस्तू परत करणारा मुलगा तीत घटनेसह नोंदविला जावा. त्या घटनेचा श्रेणीत अनुवाद मात्र होऊ नये. २०२२ साली आलेल्या आणि २०२४ साली राष्ट्रीय ठरलेल्या अभ्यासक्रमाने वृत्तीची ती दोन स्वतंत्र कलमे वगळली, हे ठीकच झाले. तथापि त्या अभ्यासक्रमानेही आदर्श विद्यार्थ्याच्या वर्णनात श्रद्धा आणि सदाचार अग्रभागीच ठेवले होते. तेव्हा त्यांची पारख कशी करावी हा प्रश्न मिटला, असे म्हणता येत नाही.

साहित्याच्या अध्यापकांनी हे सारे दुरून पाहण्याचे कारण नाही. आपणही 'रसग्रहण करा' असा प्रश्न घालतो आणि सहृदयतेला गुण देतो. उत्तरपत्रिकांत 'हृदयस्पर्शी' आणि 'भावोत्कट' ही विशेषणे मार्गदर्शिकेतील क्रमानेच येतात. कविता ज्याला खरोखर भिडली तो कित्येकदा दोन ओळी लिहून थांबतो, आणि त्याला आपण दहापैकी तीन देतो.