अलंकार कीं दागिने ?

‘अलंकार म्हणजे भाषेचे दागिने’ हें वाक्य महाराष्ट्रांतील किती पिढ्यांनीं घोकलें असेल, याची गणना करवत नाहीं. आम्हींही तें घोकलें, आणि पुढें अध्यापनाच्या व्यवसायांत पडल्यावर निमूटपणें दुसऱ्यांकडून घोकवूनही घेतलें. आज तें वाक्य आम्हांस अपुरें वाटतें; इतकेंच नव्हे, तर मराठी मुलांच्या बुद्धीस तें अपायकारक आहे असें आमचें ठाम मत झालें आहे. या मतास निमित्त झाला तो एका लहानशा गांवांतील प्रसंग.

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांत, नागझिऱ्याच्या अरण्याला लागून चोरखमारा नांवाचें गांव आहे. गांवाजवळ विस्तीर्ण तलाव आहे आणि भोंवतालीं सारा मुलूख धानाचा. भाद्रपदांत तिकडे जाण्याचा योग आला असतां तलावाच्या पाळीवर दहावींतील एक मुलगी पुस्तक उघडून अलंकार पाठ करीत बसलेली दिसली. ‘सम, समान, सारखा, परी, गत’ हे शब्द आले कीं उपमा, आणि ‘जणूं, गमे, वाटे, भासे’ आले कीं उत्प्रेक्षा, हें तिनें आम्हांस एका दमांत म्हणून दाखविलें. इतक्यांत बांधीकडे पाहत उभी असलेली तिची आजी सहज उद्‌गारली, “धान पोटरीवर आला.” लोंबी बाहेर पडण्यापूर्वीं पानाच्या वेष्टनांत दडलेली असते आणि ताटाचा तेवढा भाग माणसाच्या पोटरीसारखा भरून येतो, त्यावरून हा प्रयोग. आम्हीं मुलीस विचारलें, “बेटा, आजीच्या या बोलण्यांत कांहीं अलंकार आहे का ?” ती संकोचून म्हणाली, “नाही सर, ते तं आमचं घरचं बोलनं आहे.”

या उत्तरानें आम्ही फार अस्वस्थ झालों. दोष मुलीचा मुळींच नव्हता. दागिना पेटींत असतो, सणावारीं बाहेर निघतो, आणि गरिबाघरीं बहुधा नसतोच. तेव्हां आपल्या घरच्या बोलण्यांत अलंकार असणार नाहीं, हें अनुमान तिनें शिकविलेल्या व्याख्येंतून बिनचूक काढलें होतें. चुकली होती ती व्याख्या.

‘अलंकार’ या शब्दाचे घटक पाहा. ‘अलम्’ म्हणजे पुरेसें, आणि ‘कार’ म्हणजे करणें. जें अपुरें पडत होतें तें पुरेसें करणें, असा अर्थ त्या शब्दाच्या पोटांतच आहे. साधा शब्द जेथें थिटा पडतो तेथें मनुष्य एका वस्तूकडे दुसऱ्या वस्तूच्या द्वारें पाहतो. आजीला धानाची ती अवस्था सांगावयाची होती. तिच्यासाठीं पोटरी हा शोभेचा शब्द नसून त्या अवस्थेचें नेमकें नांव होता.

येथें शास्त्री मंडळी आम्हांस दोन प्रकारें अडवतील. पहिला आक्षेप असा कीं, दागिन्यांची कल्पना आमच्याच आचार्यांची आहे. मम्मटानें ‘काव्यप्रकाशांत’ अलंकारांना हारादिकांची उपमा दिली आहे. ही गोष्ट आम्हांस मान्य आहे. परंतु तोच मम्मट काव्याची व्याख्या करतांना क्वचित् स्फुट अलंकारावांचूनही काव्य संभवतें अशी मोकळीक ठेवतो. आणि त्याच्याही पूर्वीं, नवव्या शतकांत, आनंदवर्धनानें बजावून ठेवलें आहे कीं खरा अलंकार रसाच्या ओघांतच येतो, त्यासाठीं कवीस निराळा यत्न करावा लागत नाहीं. आमच्या पाठ्यपद्धतीनें हाराची उपमा तेवढी उचलली आणि ही अट सोडून दिली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘पोटरी’ ही रूढ लक्षणा झाली. तींत चमत्कार उरला नाहीं, म्हणून ती अलंकार नव्हे. शास्त्रदृष्ट्या हें बरोबर आहे. परंतु जें आज रूढ आहे तें केव्हां तरी कोणा एकाला प्रथम दिसलेंच असेल ना ? नदीचें ‘पात्र’, डोंगराची ‘सोंड’, बाटलीचा ‘गळा’ हीं सारीं विझलेल्या चुलींतील निखाऱ्यांसारखीं आहेत. फुंकर घातली तर मुलांना ऊब मिळेल. अॅरिस्टॉटलनेंही रूपकें सर्वच माणसें नित्याच्या बोलण्यांत वापरतात असें नमूद केलें आहे. ज्ञानदेवांनीं १२९० सालीं गीतेचा अर्थ मराठींत उतरविला तो घरांतल्या आणि शिवारांतल्या दृष्टांतांनीं. आणि अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींचीं गाणीं १९५२ मध्यें ग्रंथरूपानें आलीं तेव्हां सारा सुशिक्षित महाराष्ट्र थक्क झाला. ‘गमे, वाटे, भासे’ हें कोष्टक त्यांना कोणीं शिकविलें होतें ?

कोणी म्हणेल, एवढ्या लहान गोष्टीसाठीं इतका त्रागा कां ? कारण ही गोष्ट केवळ चार गुणांची नाहीं. उपमेनें मनुष्य जसा पाहावयास शिकतो तसा फसतोही. पोटासाठीं परगांवीं जाणाऱ्या माणसांना वृत्तपत्रें ‘लोंढे’ म्हणतात. लोंढा म्हणतांच माणसांचे चेहरे बुडतात, आणि उरतें तें केवळ थोपविण्याजोगें पाणी. झाडीपट्टींतून मजुरीसाठीं बाहेर पडणाऱ्या कुटुंबांवरही उद्यां हा शब्द बसेल, आणि अलंकारांत पैकीच्या पैकी गुण मिळविलेला त्यांचाच मुलगा तो बिनतक्रार वाचील. कारण त्यांत ‘जणूं’ नाहीं!

भरताच्या नाट्यशास्त्रांत उपमा, रूपक, दीपक व यमक असे चारच अलंकार आहेत. अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदांत’ ते शंभरावर गेले. आमचें भांडण या संख्येशीं नाहीं, कीं नांवांशींही नाहीं. नांवें अवश्य शिकवावीं. ओळखलेल्या वस्तूला नांव हवेंच. फक्त क्रम उलटा असावा. ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाआधीं ‘ही उपमा काढून टाकल्यास काय हरवतें तें सांगा’ असा प्रश्न यावा. आणि पहिल्या दिवशीं मुलांना पुस्तक उघडावयास न सांगतां, घरीं जाऊन आजीच्या तोंडचीं पांच वाक्यें लिहून आणावयास सांगावें.

त्या मुलीला आम्हीं तेव्हां इतकेंच सांगितलें कीं, तुझ्या आजीनें आतां जें म्हटलें त्याची सर या पुस्तकांतील पुष्कळ उदाहरणांना येणार नाहीं. तिनें आधीं आमच्याकडे अविश्वासानें पाहिलें. मग पुस्तक मिटून ती बांधीकडे पाहूं लागली. परीक्षेंत मात्र तिनें ‘पोटरी’ लिहूं नये असाच सल्ला आम्हांस नाइलाजानें द्यावा लागला, आणि याचीच आम्हांस लाज वाटते.