द्राक्ष जपानचं, कमाई कोरियाची: ओझरच्या बागायतदाराचा याच्याशी काय संबंध?

ओझर म्हटलं की अनेकांना जुन्नरजवळचा विघ्नहर आठवतो. हा विषय मात्र नाशिकच्या ओझरचा. मुंबई-आग्रा महामार्गावरचं, निफाड तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना एचएएलच्या मिग विमानांमुळे आणि नाशिकच्या विमानतळामुळे माहीत आहे. पण वस्ती संपली की द्राक्षाचे मांडव सुरू होतात. तिथं गेली काही वर्षं एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो: जुनी बाग तोडून नवी लावायची, तर कोणता वाण लावायचा? आणि त्या वाणाचा मालक कोण?

दुसरा प्रश्न ऐकायला विचित्र वाटतो. झाड शेतकऱ्याचं, जमीन त्याची, औषधं-मजुरीचा खर्च त्याचा, मग मालक दुसरा कसा? याचं उत्तर दक्षिण कोरियात सापडतं.

शाईन मस्कटची गोष्ट

मोठे, हिरवट-पिवळे मणी, पातळ साल, कुरकुरीत गर आणि मस्कटचा सुगंध. मोठ्या शहरांतल्या फळांच्या दुकानांत खोक्यात सजवून ठेवलेलं हे महागडं द्राक्ष अनेकांनी पाहिलं असेल. हा वाण जपानच्या सरकारी संशोधन केंद्रात तयार झाला. त्यासाठीचा संकर 1988 मध्ये केला गेला आणि वाणाची नोंदणी झाली 2006 मध्ये. म्हणजे मधे 18 वर्षं गेली. तसं हे द्राक्ष मुळात बियांचं आहे. नाशिकच्या शेतकऱ्याला चांगलं माहीत असलेलं 'जीए', म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड वापरून ते बिनबियांचं केलं जातं.

एवढं करून जपान एका कागदावर अडकला. नव्या वाणाचा हक्क ज्या त्या देशात वेगळा मागावा लागतो. द्राक्षासारख्या वेलींच्या बाबतीत पहिल्या विक्रीपासून सहा वर्षांच्या आत परदेशात अर्ज करावा लागतो. जपाननं कोरियात आणि चीनमध्ये तो केलाच नाही. मुदत टळली आणि दोन्ही देशांत हा वाण सगळ्यांसाठी मोकळा झाला.

कोरियाच्या उत्तर ग्योंगसांग प्रांतातल्या गिमचॉन, सांगजू या द्राक्षपट्ट्यांत मग शाईन मस्कट झपाट्यानं पसरलं. आधीचे कॅम्पबेल अर्ली आणि क्योहो मागे पडले, निर्यातही सुरू झाली आणि जपानला एक येनही द्यावा लागला नाही. चीनमधली लागवड तर जपानच्या कितीतरी पट वाढली. तिथून मिळू शकणारी रॉयल्टी बुडाल्यामुळे वर्षाला 10 अब्ज येनहून जास्त तोटा होतो, असा अंदाज जपानच्या कृषी मंत्रालयानं मांडला. रुपयांत हा आकडा 500 कोटींच्या पुढे जातो. शेवटी 2020 मध्ये जपाननं कायदा बदलून नोंदणीकृत वाणांची रोपं परदेशी नेण्यावर निर्बंध आणले. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मग कोरियाचं भलं झालं का?

सुरुवातीला झालं. पुढे जे झालं ते नाशिककरांना सांगायची गरज नाही. एकाला भाव मिळाला म्हणून सगळ्यांनी तेच लावलं. सणाचा बाजार गाठण्यासाठी साखर भरायच्या आत माल तोडला जाऊ लागला, एका झाडावर जास्त घड ठेवले जाऊ लागले. ग्राहक बिचकला आणि भाव कोसळले. फुकट मिळालेला वाण शेजाऱ्यालाही फुकटच मिळतो, ही त्यातली गोम.

त्यामुळे कोरियाकडून शिकायचं असेल तर द्राक्षापेक्षा स्ट्रॉबेरीकडे पाहायला हवं. 2005 च्या सुमारास तिथल्या शेतात बहुतांश स्ट्रॉबेरी जपानी वाणांची होती. देशी वाणांचा वाटा 10 टक्क्यांच्या आत होता. त्याआधी 2002 मध्ये कोरिया 'युपोव्ह' या वाण-हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य झाला होता. त्यामुळे जपानला रॉयल्टी मोजावी लागणार हे दिसत होतं. त्याच सुमारास, 2005 मध्ये, नॉनसानच्या सरकारी स्ट्रॉबेरी संशोधन केंद्रानं 'सोल्ह्यांग' हा वाण आणला. रोगांना तुलनेनं कमी बळी पडणारा आणि भरपूर उत्पादन देणारा हा वाण शेतकऱ्यांनी उचलून धरला. आज कोरियातली 95 टक्क्यांहून जास्त स्ट्रॉबेरी देशी वाणांची आहे.

गंमत म्हणजे सोल्ह्यांगचे आई-बाप दोन्ही जपानी वाण. 2018 च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जपानच्या कर्लिंग खेळाडूंनी कोरियन स्ट्रॉबेरीची तारीफ केली, तेव्हा जपानच्या कृषिमंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. पण संरक्षित वाण वापरून संशोधकानं नवा वाण तयार करणं कायद्याला मान्य आहे. भारताच्या कायद्यातही ही मुभा आहे.

नाशिक पट्ट्यात आज काय स्थिती आहे?

इथल्या द्राक्षशेतीचा पाया थॉमसन सीडलेस. पश्चिम आशियातलं हे जुनं बिनबियांचं द्राक्ष एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉम्पसन यांच्यामुळे त्यांच्या नावानं रूढ झालं. महाराष्ट्रात पुढे जे वाण निघाले, त्यातले बरेच प्रयोगशाळेतून आलेले नाहीत. बागेत एखाद्या झाडाचे मणी वेगळेच लांब दिसतात, शेतकऱ्याची नजर त्यावर जाते, तो त्या काड्या राखतो आणि कलम भरतो. तासगावचा तास-ए-गणेश असाच आला. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस दिले. पदवी नसलेलं हे वनस्पतिशास्त्रच होतं. आणि काड्या गावोगाव गेल्या त्या बहुतेक ओळखीवर. तेव्हा वाण-हक्काचा कायदाच नव्हता.

आता निर्यातीच्या बाजारात मोठ्या मण्यांचे, रंगीत, पावसात कमी तडकणारे परदेशी वाण आले आहेत. नाशिक जिल्ह्यातल्याच मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनं 'आरा' मालिकेतले वाण करार करून आणले. अशा वाणांत साधारणपणे रॉयल्टी असते, काड्या दुसऱ्याला देता येत नाहीत आणि माल कुणाला विकायचा यावरही बंधनं असू शकतात. भाव चांगला मिळत असेल तर सौदा वाईट नाही. पण ओझरच्या तीन एकरवाल्याला तो परवडेलच असं नाही.

सरकारी बाजूला 1997 पासून पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं एआरआय-516 हा वाण दिला आहे. काम होत आहे, पण गती आणि पैसा दोन्ही तोकडे वाटतात. बिनबियांच्या मादी वाणापासून संकर करायचा तर अर्धवट वाढलेला गर्भ काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. मग रोप, मग फळ, मग अनेक हंगामांची चाचणी. जपानला लागलेली 18 वर्षं आठवली की पाच वर्षांच्या सरकारी योजनांची मर्यादा कळते.

शेतकऱ्याच्या हातात काय आहे?

भारताचा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा 2001 चा आहे. वेलींच्या वाणाला त्यात 18 वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं. शेतकऱ्याला संरक्षित वाणाचं बियाणंही राखण्याचा, देण्याघेण्याचा, ब्रँडशिवाय विकण्याचा हक्क आहे. 'बियाणं' या शब्दात ज्यातून नवं झाड उभं राहतं असा भाग येतो, म्हणजे काडीही आली. भारत युपोव्हचा सदस्य नाही, म्हणून एवढी मोकळीक टिकून आहे. व्यापार कराराच्या वाटाघाटींत युरोपीय देशांकडून याच मुद्द्यावर दबाव येत राहिला आहे. मात्र शेतकऱ्यानं स्वतः करारावर सही केली असेल, तर त्यातल्या अटींचा प्रश्न वेगळा उभा राहतो. म्हणून रोपं उतरवून घेण्याआधी कागद वाचणं महत्त्वाचं. वाण नोंदलेला आहे का, कुणाच्या नावावर आहे आणि माल दुसऱ्याला विकता येईल का, हे विचारायला पैसे लागत नाहीत.

आणि उद्या ओझरच्याच एखाद्या बागेत वेगळं झाड सापडलं तर? 'शेतकरी वाण' म्हणून देशात नोंदणी करता येते; तिला शुल्क नाही आणि वाण बाजारात नवा असण्याची अटही नाही. परदेशात मात्र गणित वेगळं आहे. तिथं पहिली काडी विकली त्या दिवसापासून सहा वर्षं मोजली जातात. शिवाय युपोव्हच्या सदस्य देशांतल्या पैदासकाराला तिथं आपोआप मिळणारी समान वागणूक भारतीयाला गृहीत धरता येत नाही. म्हणजे मोकळिकीची किंमतही आहेच. सध्या तरी बहुतेक बागांत असं झाड दिसलं की पहिला फोन पाहुण्यांना जातो आणि पुढच्या छाटणीला काड्या चार गावांत पोहोचलेल्या असतात.